ठेक्याचे धनी

मराठीत ठेका या शब्दाचे दोन अर्थ आहेत. तबलजी गाण्याला जी लयबद्ध साथ देतो तो ठेका. आणि एखादे काम कराराने दुसऱ्याकडे सोपवितात तोही ठेकाच. पहिला मैफलीतला, दुसरा कचेरीच्या दफ्तरातला. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेल्या साठ वर्षांत जगाच्या संगीतव्यवहारात असा एक प्रकार उदयाला आला, की ज्यात पहिल्या अर्थाचा ठेका दुसऱ्या अर्थाच्या ठेक्याने दिला-घेतला जाऊ लागला. या प्रकाराचा उगम कोठे झाला, तो वाढला कसा, आणि त्यात कोणाच्या पदरी काय पडले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

'बीट' हा शब्द इंग्रजी असला तरी आता तो मुंबई-पुण्याच्या तरुण गायकांच्या तोंडी रुळला आहे. ढोलाचे आणि झांजेचे आघात, खर्जातले स्वर आणि पुनःपुन्हा येणारी एखादी लहानशी स्वरावली यांनी विणलेला दोन-तीन मिनिटांचा तयार वाद्यसाज म्हणजे बीट. त्यात गाणाऱ्याची जागा तेवढी मोकळी सोडलेली असते. ज्याच्या पाठीशी ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी नाही, वादक जमविण्याइतका पैसा नाही, असा स्वतंत्र कलावंत इंटरनेटवरच्या बाजारात जातो, शेकडो बीट ऐकतो, त्यांतून एक निवडतो आणि वीस-तीस डॉलर भरून त्याचा परवाना मिळवितो. त्याने बीट विकत घेतला असे लोक म्हणतात. वस्तुतः त्याने तो भाड्याने घेतलेला असतो. ज्याने तो रचला तो मनुष्य अनेकदा दुसऱ्याच खंडात राहत असतो, आणि दोघांची गाठ बहुधा कधीच पडत नाही.

दुसऱ्याच्या संगीतावर आपले शब्द बसविणे ही गोष्ट काही नवी नाही. मराठी रंगभूमीला ती चांगलीच परिचित आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्या काळच्या संगीत नाटकांची छापील पुस्तके चाळली, तर पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून, ज्या जुन्या पदाच्या वळणावर नवे पद बांधले त्याचा आरंभ दिलेला आढळतो. ती चाल साकी-दिंडीची असे, लावणीची असे, कर्नाटकातून आलेली असे किंवा एखाद्या ठुमरीवरून घेतलेली असे. ऋण कबूल करण्याची ही एक सभ्य रीत होती. मात्र ऋण कबूल केले म्हणजे ते पैशाने फेडावेही लागते, असे कोणी मानीत नव्हते. चाल ही गावच्या नदीसारखी होती. ज्याची घागर मोठी त्याने अधिक पाणी न्यावे इतकेच.

पाश्चात्त्य देशांत मात्र नदीला बांध घालण्याचे काम पुष्कळ आधी सुरू झाले होते. छापील स्वरलिपीवर रचनाकाराचा हक्क असतो हे तत्त्व तेथे रुजलेले होते. पुढे आपोआप वाजणारे पियानो निघाले. कागदाच्या गुंडाळीला छिद्रे पाडून त्यावर गाणे नोंदवीत, आणि ती गुंडाळी पियानोत घातली की तो वादकाशिवाय वाजे. ही छिद्रांची गुंडाळी स्वरलिपीची प्रत म्हणावी काय, असा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि १९०८ मध्ये न्यायालयाने ती प्रत नव्हे असा निर्णय दिला. रचनाकारांना एक छदामही मिळेना, तेव्हा पुढल्याच वर्षी विधिमंडळाने नवा कायदा केला. रचनाकाराने आपली रचना यंत्रावर चढविण्याची परवानगी एकदा कोणालाही दिली, की मग इतर कोणीही प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट भरून ती रचना ध्वनिमुद्रित करावी, असे त्यात ठरले. सक्तीच्या परवान्याचा हा पहिला प्रसिद्ध दाखला होय. हा दोन सेंटांचा दर १९७८ पर्यंत कायम राहिला. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, भाकरीचे भाव कुठल्या कुठे गेले. सरकारी दरपत्रक मात्र जागचे हलले नाही. दफ्तराचा अनुभव असणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. रचना म्हणजे स्वरांची मांडणी आणि शब्द. ढोल वाजविणारा, खर्जाची साथ देणारा हा रोजंदारीवरचा माणूस. त्याने यावे, वाजवावे, त्या दिवसाची मजुरी घ्यावी आणि जावे. ठेका ही निर्मिती आहे, तिला निर्माता आहे आणि म्हणून धनीही आहे, हा विचार कायद्याला सुचला नव्हता. तो सुचला बाजाराला, आणि तोही न्यूयॉर्क-लंडनच्या बाजाराला नव्हे, तर कॅरिबियन समुद्रातल्या जमैका नावाच्या बेटावर, किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत.

१९५० च्या दशकात किंग्स्टनमध्ये 'साउंड सिस्टिम' नावाचा लोकरंजनाचा प्रकार भरभराटीला आला होता. पुरुषभर उंचीचे ध्वनिक्षेपक रस्त्यावर किंवा आवारात मांडायचे, अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या लावायच्या, प्रवेशाचे थोडे पैसे घ्यायचे, पेये विकायची आणि लोकांनी रात्रभर नाचायचे. क्लेमंट डॉड ऊर्फ कॉक्सन आणि ड्यूक रीड हे या धंद्यातले दोन मातब्बर प्रतिस्पर्धी. अमेरिकेतल्या लोकांची आवड बदलली आणि हव्या तशा तबकड्या तेथून मिळेनाशा झाल्या, तेव्हा या मंडळींनी स्वतःच तबकड्या काढण्यास आरंभ केला. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला आणि १९६३ मध्ये डॉडने ब्रेंटफर्ड रोडवर 'स्टुडिओ वन' हे ध्वनिमुद्रणगृह उघडले. वादक त्याच्या पगारावर असत. त्यांनी रोज यावे, वाजवावे आणि नवनवे वाद्यसाज फितीवर नोंदवून ठेवावेत, असा शिरस्ता होता.

फितीवर वाद्यसाज वेगळा राहत असल्यामुळे एक सोय झाली. एका गायकाचे गाणे मागे पडले, तर त्याचा आवाज वगळून त्याच साजावर दुसऱ्याचा आवाज चढविता येई. वादकांना पुन्हा पैसे देण्याची गरज नाही. या साजाला जमैकाचे लोक 'रिडिम' म्हणू लागले; इंग्रजी 'ऱ्हिदम'चा हा तिकडचा उच्चार. असे सांगतात की १९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउन येथील रडी रेडवुड नावाच्या साउंड सिस्टिमवाल्याने ड्यूक रीडच्या ध्वनिमुद्रणगृहात एक खास तबकडी करविली, आणि तंत्रज्ञ तीत गायकाचा आवाज घालावयास विसरला. रेडवुडने ती तशीच नाचाच्या वेळी लावली. पाहतो तो काय, जमलेला समुदाय स्वतःच गाऊ लागला! चुकीतून रिवाज पडला. तबकडीच्या एका बाजूस गाणे आणि दुसऱ्या बाजूस गायकावाचूनचा नुसता साज, असे छापणे सुरू झाले, आणि त्या दुसऱ्या बाजूला 'व्हर्शन' म्हणजे आवृत्ती हे नाव पडले. १९७० मध्ये यू-रॉय या निवेदकाने ड्यूक रीडच्या अशाच जुन्या साजांवर आपली तालबद्ध बडबड चढविली, तेव्हा त्याच्या तीन तबकड्या जमैकाच्या यादीत पहिल्या तीन क्रमांकांवर जाऊन बसल्या. १९७४ मध्ये रूपी एडवर्ड्सने तर एकाच रिडिमवरची निरनिराळी गाणी गोळा करून अख्खी दीर्घ तबकडी काढली. असा संग्रह त्यापूर्वी निघाला नव्हता.

स्टुडिओ वनच्या 'साउंड डायमेन्शन' या वाद्यवृंदाने १९६७ मध्ये 'रिअल रॉक' नावाचा एक साज ध्वनिमुद्रित केला. त्यावर पुढे शेकडो गाणी झाली. विली विल्यम्सने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यावर गायिलेले गाणे इंग्लंडच्या 'द क्लॅश' या वाद्यवृंदाने १९७९ मध्ये उचलले, आणि किंग्स्टनच्या एका खोलीत रोजंदारीवर वाजविलेला साज युरोपभर घुमला. त्याच सुमारास किंग्स्टनच्याच 'चॅनल वन' या प्रतिस्पर्धी ध्वनिमुद्रणगृहाने डॉडचे जुने साज नव्याने वाजवून घेऊन त्यांवर आपली गाणी काढण्याचा सपाटा लावला. डॉडने त्याला कायद्याने अडविले नाही. त्याने शुगर मिनॉट या तरुणाला घेतले आणि आपल्याच जुन्या फितींवर त्याच्याकडून नवी गाणी गाऊन घेतली. चोरीला उत्तर म्हणून त्याने स्वतःच्याच मालाची उजळणी केली, असे म्हणावे लागेल.

कायद्याकडे त्याने का पाहिले नाही, याचे उत्तर साधे आहे. जमैकात १९११ च्या ब्रिटिश स्वामित्वहक्क कायद्याचीच चौकट चालत आलेली होती, आणि तिची अंमलबजावणी नावापुरतीच होती. त्या देशाचा स्वतःचा आधुनिक कायदा १९९३ मध्ये झाला. म्हणजे रिडिमची सारी भरभराट कायद्याच्या प्रकाशाबाहेर झाली. काही जाणकार यातून असा निष्कर्ष काढतात, की हक्काची कटकट नव्हती म्हणूनच त्या लहानशा बेटाने एवढे संगीत निर्माण केले. हे अर्धेच खरे आहे. कटकट नव्हती ती मुद्रणगृहाच्या मालकाला आणि नव्या गायकाला. ज्यांच्या हातांनी 'रिअल रॉक' वाजविला त्या वादकांना त्या शेकडो गाण्यांतील प्रत्येकामागे काही पोचत होते असे नाही. मोकळेपणाची किंमत कोणीतरी देतच असतो. येथे ती वादकांनी दिली.

जमैकाची ही रीत अमेरिकेत नेण्याचे श्रेय बहुधा एका मुलाला दिले जाते. किंग्स्टनमध्ये १९५५ साली जन्मलेला क्लाइव्ह कॅम्बेल १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात राहावयास आला. पुढे 'कूल हर्क' या नावाने तो ओळखला गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत त्याच्या बहिणीने भरविलेल्या समारंभात त्याने तबकड्या लावल्या. गाण्यात जेथे बाकीची वाद्ये थांबून नुसता ढोल वाजतो, तेवढ्याच तुकड्यावर लोक अधिक रंगात येतात, हे त्याने हेरले होते. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर आळीपाळीने लावून तो तो तुकडा लांबवीत असे. हिप-हॉप संगीताचा जन्म या तुकड्यातून झाला.

आता येथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. १९७९ मध्ये 'शुगरहिल गँग'ची पहिली गाजलेली रॅप तबकडी निघाली तेव्हा तिच्यातला साज 'शिक' या वाद्यवृंदाच्या 'गुड टाइम्स' या गाण्यावरून पुन्हा वाजविलेला होता. त्याचे रचनाकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी दाव्याचा धाक घातला आणि आपली नावे त्यावर घालून घेतली. ते रचनाकार होते. त्यांच्या हक्काची नोंद होती. परंतु ढोल वाजविणाऱ्यांचे काय झाले?

१९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाने 'अमेन, ब्रदर' हा तुकडा एका तबकडीच्या मागल्या बाजूस भरावा म्हणून ध्वनिमुद्रित केला. त्यात ग्रेगरी कोलमन याने एकट्याने ढोलाची चार आवर्तने वाजविली आहेत. अवघ्या सहा-सात सेकंदांचा ऐवज. १९८० च्या दशकात ध्वनीचे तुकडे साठवून हवे तसे पुन्हा वाजविणारी यंत्रे स्वस्त झाली, आणि ही चार आवर्तने हजारो गाण्यांत जाऊन बसली. इंग्लंडमध्ये 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' या नावांचे संगीतप्रकारच्या प्रकार तिच्यावर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये वारला तेव्हा तो दरिद्री आणि बेघर होता. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर हा कायद्याने हक्कदार. त्यालाही काही मिळाले नव्हते. अखेर २०१५ मध्ये इंग्लंडमधील काही तबकडीवादकांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड त्याच्या हाती दिले. ती हक्काची वसुली नव्हती, दक्षिणा होती. जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदातील क्लाइड स्टबलफील्ड याचीही तीच कथा. 'फंकी ड्रमर' मधला त्याचा ढोल शेकडो गाण्यांत आहे. पण रचनाकार म्हणून नाव ब्राउनचे. स्टबलफील्ड २०१७ मध्ये वारला.

न्यायालये जागी झाली ती १९९१ मध्ये. बिझ मार्की या रॅप गायकाने गिल्बर्ट ओ'सुलिव्हन याच्या गाण्याचा तुकडा परवानगी न मिळताच वापरला होता. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश डफी यांनी आपल्या निकालपत्राचा आरंभच बायबलमधील चोरीच्या निषेधाच्या आज्ञेने केला, आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे धाडले. कारवाई पुढे झाली नाही, पण धसका पुरेसा बसला. २००५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने असे सांगितले, की ध्वनिमुद्रणाचा कितीही लहान तुकडा घेतला तरी परवाना हवाच. २०१६ मध्ये आणखी एका न्यायालयाने नेमके उलट मत दिले. दोन न्यायालयांच्या या मतभेदाचा अर्थ वकिलांनी लावीत बसावे. संगीताच्या बाजाराने त्याचा एकच अर्थ घेतला: जुन्या तबकडीचा तुकडा वापरणे हे आता श्रीमंत कंपन्यांचे काम झाले. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने साज नवा रचावा.

नवा साज रचण्याची साधने सुदैवाने तोवर हाताशी आली होती. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये 'टीआर-८०८' हे ढोलयंत्र काढले. त्याचा आवाज खऱ्या ढोलासारखा नाही म्हणून लोकांनी नाके मुरडली, जुन्या बाजारात ते कवडीमोलाने विकले गेले, आणि म्हणूनच ते गरीब कलावंतांच्या हाती पडले. यंत्रांचा विषय निघाला म्हणजे एकवार किंग्स्टनला परतावे लागते. १९८५ मध्ये तेथे वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही या दोघांना 'कॅसिओ एमटी-४०' या लहानशा खेळण्यातल्या वाटाव्या अशा वाद्यात आधीच भरलेला एक ठेका सापडला. किंग जॅमी या निर्मात्याने त्याची लय मंद केली, आणि 'स्लेंग टेंग' हा रिडिम तयार झाला. त्यात एकही वादक नव्हता. त्यावरही शेकडो गाणी निघाली. तो ठेका त्या वाद्यात भरणारी व्यक्ती म्हणजे ओकुदा हिरोको ही कॅसिओची तरुण कर्मचारी. गंमत अशी, की या बाईंनी आपला पदवीचा प्रबंध जमैकाच्या रेगे संगीतावरच लिहिलेला होता! जमैकाचे देणे जपानमार्गे जमैकाला परत गेले, आणि कॅसिओने त्याबद्दल पैसे मागितले नाहीत.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस यंत्रही नको असे झाले. बेल्जियममध्ये 'फ्रूटीलूप्स' नावाची आज्ञावली निघाली, आणि घरच्या संगणकावर शाळकरी पोरांना बीट रचता येऊ लागले. रचणारे लाखांनी वाढले. गाणारेही लाखांनी होते. दोघांची गाठ घालून देणारा बाजार तेवढा हवा होता. इंटरनेटने तो दिला. २००८ मध्ये एब बॅटशॉन याने 'बीटस्टार्स' ही पेढी सुरू केली. तशा आणखीही निघाल्या. यूट्यूबवर बीट ठेवताना 'अमुक गायकाच्या धाटणीचा' असे नाव देण्याची प्रथाही पडली. ग्राहक जे शोधतो तेच दुकानाच्या पाटीवर लिहावे, हा वाण्याचा जुना धडा तेथेही खरा ठरला.

या बाजारातला करार समजून घेण्यास कूळकायद्याची भाषा सोयीची आहे. बीट रचणारा हा जमीनमालक. गाणारा हे कूळ. कमीत कमी दराच्या परवान्यात गाणाऱ्याला बीट वापरण्याची मुभा मिळते, पण तिला कुंपणे असतात: ठराविक मुदत, ठराविक प्रती, गाणे ठराविक वेळा ऐकले जाईपर्यंतच. रचनाकार म्हणून बीटवाल्याचे नाव द्यावे लागते, आणि गाण्याच्या रचनेतला त्याचा वाटा, बहुधा निम्मा, राखून ठेवलेला असतो. अधिक पैसे दिले की कुंपणे मागे सरतात, ध्वनीची प्रत उंचावते, प्रत्येक वाद्याची पट्टी सुटी मिळते. सर्वांत महाग असतो तो एकाधिकाराचा परवाना. तो दिल्यावर बीट इतर कोणाला द्यावयाचा नसतो. जमिनीशी साम्य येथवरच आहे. जमीन एका वेळी एकच कूळ कसू शकते. बीट मात्र एकाच वेळी हजार कुळे कसतात आणि प्रत्येकाचे पीक निराळे येते. एकाधिकार घेणाऱ्याने मोठी रक्कम मोजली तरी आधीची कुळे सहसा उठत नाहीत; त्यांचे परवाने मुदतीपर्यंत चालूच राहतात. पुष्कळ तरुण गायकांना हे पैसे भरून झाल्यावर कळते.

व्यवहार लहान असला तरी त्यातून कधी कधी मोठे घबाड निघते. इंग्लंडमधील मेनेस या नावाच्या निर्मात्याचा एक बीट न्यूयॉर्कच्या डिझायनर या अपरिचित तरुणाने २०० डॉलरना घेतला. त्यावरचे 'पांडा' हे गाणे २०१६ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिले आले. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील यंगकिओ या विशीही न गाठलेल्या मुलाने रचलेला बीट अमेरिकेतील लिल नॅस एक्स याने ३० डॉलरना घेतला. त्यावर त्याने 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे केले आणि डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. आपल्या बीटचे असे काही झाले आहे, याचा पत्ता यंगकिओला गाणे इंटरनेटवर फिरू लागल्यानंतर लागला. २०१९ मध्ये ते अमेरिकेच्या यादीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तोवर १६ आठवड्यांचा विक्रम होता.

या गाण्याची हकीकत एवढ्यावर संपत नाही. यंगकिओने आपल्या बीटमध्ये तारवाद्याचा जो तुकडा वापरला होता, तो 'नाइन इंच नेल्स' या वाद्यवृंदाच्या २००८ मधील एका वाद्यरचनेतला होता. तो संग्रह लोकांनी वापरावा म्हणून मोकळा सोडलेला होता, परंतु फक्त बिनव्यापारी कामासाठी. ३० डॉलरचा परवाना देणाऱ्याकडे त्या तुकड्याचा व्यापारी परवाना नव्हता. गाणे मोठे झाल्यावर रीतसर परवानगी घ्यावी लागली, आणि ट्रेंट रेझनर व ॲटिकस रॉस यांची नावे रचनाकार म्हणून गाण्यावर आली. मालकच जेथे अर्धा कूळ असतो, तेथे कुळाच्या कुळाने कोणाकडे पाहावे? येथे संबंधितांनी समंजसपणा दाखविला. प्रत्येक वेळी तसे घडेल याची हमी कोणताही परवाना देत नाही.

दुसरी अडचण यंत्राने निर्माण केली आहे. आपले गाणे दुसऱ्या कोणी वापरले तर ते ओळखून हक्क सांगणारी व्यवस्था यूट्यूबने २००७ मध्ये आणली. यंत्राला सूर कळतात, करारनामे कळत नाहीत. एकाच बीटचा परवाना दोन गायकांनी रीतसर घेतला आणि त्यांतल्या एकाने आपले गाणे या व्यवस्थेत नोंदविले, की यंत्र दुसऱ्याला चोर ठरविते आणि त्याच्या गाण्याची मिळकत पहिल्याच्या खात्यात वळविते. म्हणून सामायिक परवान्यांत अशी नोंदणी करण्यास मनाई करणारे कलम घालतात. ते कलम बारीक अक्षरांत असते.

भारतातही आता या बाजाराचे ग्राहक आणि पुरवठादार दोन्ही आहेत. येथील स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्यात संगीतकृतीची मूळ व्याख्या वाचण्यासारखी होती: स्वरावली किंवा स्वरसंवाद, अथवा दोन्ही, यांचा छापलेला, लिहिलेला किंवा अन्य प्रकारे रेखाटलेला मेळ. ज्या देशात संगीत मुख्यतः मुखोद्गत होते, आणि जेथे तबल्याचे आणि मृदंगाचे स्वतंत्र शास्त्र आहे, तेथल्या कायद्यात लेखी नसलेल्या रचनेला जागा नव्हती आणि तालाचा उल्लेख नव्हता! परदेशी कायद्याचा साचा जसाच्या तसा उचलला म्हणजे असे होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चित्रपटसंगीताच्या हक्कांचे प्रकरण आले, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या व्याख्येवर आणि गायकाच्या कलेला कायद्यात संरक्षण नसल्यावर मुद्दाम टिपण जोडले. १९९४ च्या दुरुस्तीने व्याख्या बदलली. संगीत असलेली कृती ती संगीतकृती, मग ती लिहिलेली असो वा नसो. त्याच दुरुस्तीने गायक-वादकांना सादरकर्ते म्हणून हक्क दिले.

२०१२ ची दुरुस्ती आणखी पुढे गेली. गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क लिहून दिले तरी गाण्याच्या पुढील वापराबद्दलच्या मोबदल्यातील समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही, असे तिने ठरविले. मोबदल्याच्या हक्कावर पाणी सोडल्याची सही आता कागदावर असली तरी निरुपयोगी. बीट रचणारा हा संगीतकारच होय, असे मानले तर हे संरक्षण त्यालाही लागू पडते. परवान्याविषयीही हा कायदा मुका नाही. परवाना लेखी हवा. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. नागपूरच्या मुलाने बेळगावच्या मुलाकडून बीट घेतला आणि करारात या दोन ओळी लिहावयाचे राहिले, तर सहाव्या वर्षी ते गाणे कोणत्या आधारावर वाजते, हा प्रश्न दोघांपैकी कोणीही विचारू शकतो.

राहता राहिला तो रोजंदारीवरचा वादक. २०१२ च्या दुरुस्तीने त्यालाही, त्याच्या वादनाचा व्यापारी उपयोग झाल्यास, मोबदल्याचा हक्क दिलेला आहे. हा मोबदला गोळा करण्यासाठी २०१३ मध्ये जी संस्था नोंदली गेली, ती तेव्हा केवळ गायकांची होती. वादक हा शब्द तिच्या नावात नंतर आला.